आधी हातातलं काम

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण सकाळी सकाळीच दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला. तिचा नवरा सुतार. मुलगा एकोणीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली तयार झालेला. त्याला पुण्याच्या एका फर्निचर ठेकेदाराचा फोन आला होता. तीन दिवसांत ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असा निरोप. मुलाची पिशवी भरून तयार होती, आणि बाप मात्र अडून बसला होता.

कारण काय, तर गावातल्या एका विधवा बाईच्या घरकुलाची दाराची चौकट अर्धी राहिली होती. गटातून कर्ज काढून तिने सागवान आणलेलं. बापाचे डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत, म्हणून चौकट मुलाच्याच हातात होती. बापाचं म्हणणं एकच, चौकट पुरी कर आणि मग कुठं जायचं तिथं जा. आईचं म्हणणं असं की चौकट काय, कोणीही करील. नोकरी गेली तर परत येणार आहे का? मी येऊन तिच्या नवऱ्याला समजवावं, एवढंच तिला हवं होतं.

खरं सांगते मैत्रिणींनो, मी तिच्या बाजूची होते. आमच्या कनेरगाव नाक्यात राहून सुताराच्या पोराने करायचं काय? तिफण, वखर, बैलगाडी करायचे दिवस गेले. बलुतं तर केव्हाच गेलं. लोक लोखंडी दारं बसवतात, नाहीतर तयार फ्लश डोअर आणतात. मी गेले, बोलले. तो गृहस्थ रंधा मारत ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला की पैसे घेऊन काम अर्धं टाकणारा माणूस पुण्यात गेला तरी तसाच राहील. मी काही न बोलता घरी परत आले. पण वाटेत मला एकदम एक नाव आठवलं. लवजी नसरवानजी वाडिया!

हे नाव माझ्या डोक्यात कसं आलं तेही सांगते. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका बाळंतिणीला आणि तिच्या आजारी बाळाला घेऊन मी मुंबईला गेले होते. अकोल्याहून रात्रीची गाडी, आणि सकाळी परळचं वाडिया रुग्णालय. बाळाच्या तपासण्या होईपर्यंत बाहेर बसून राहायचं. समोर पाटी, बाई जेरबाई वाडिया. मनात आलं, कोण असेल ही बाई? शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंना विचारलं. त्यांनी बाईंची माहिती तर दिलीच, वर हेही सांगितलं की वाडिया म्हणजे जहाजं बांधणारा. म्हणजे मूळचे सुतारच की! लाकडावर वाकस चालवणाऱ्या माणसाच्या घराण्याचं नाव एवढ्या मोठ्या इस्पितळावर! बाळ बरं होऊन घरी आलं, पण ते नाव काही माझ्या डोक्यातून जाईना. मिळतील तिथून पुस्तकं मिळवली, वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

पारशी लोक मूळचे इराणचे. आपला धर्म सांभाळण्यासाठी शेकडो वर्षांपूर्वी देश सोडून ते गुजरातच्या किनाऱ्याला लागले. नव्या मुलुखात त्यांनी भाषा गुजराती घेतली, बायकांनी साडी घेतली, आणि जे काम मिळेल ते मनापासून केलं. कोणी शेती, कोणी विणकाम, कोणी व्यापार, कोणी सुतारकाम. अशाच एका घरात १७०२ मध्ये सुरतेजवळच्या सिगनपूर गावी लवजींचा जन्म झाला.

तेव्हाचं सुरत म्हणजे मोठं बंदर. मक्केला जाणारे यात्रेकरू तिथून निघत, साऱ्या जगाचा माल तिथे उतरे. तापीच्या काठी जहाजं बांधली जात. लवजी लहानपणापासून या कामात शिरले आणि धनजीभाई नावाच्या जहाज बांधणाऱ्याकडे मुकादम झाले. मुकादम म्हणजे नुसती देखरेख नव्हे. कुठलं लाकूड कुठे लागेल, कोणती फळी किती वाकवायची, कुठल्या सुताराला कोणतं काम द्यायचं, हे सगळं नजरेने ठरवणारा माणूस.

१७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत 'क्वीन' नावाचं एक जहाज बांधायला दिलं. कामावर लक्ष ठेवायला मुंबईहून डडली नावाचा साहेब आला. साहेबाच्या लक्षात आलं की मालक धनजीभाई असले तरी काम उभं राहतंय ते या मुकादमाच्या हुशारीवर. कंपनीला मुंबईत स्वतःची गोदी हवीच होती. त्याने लवजींना गळ घातली, मुंबईला चल, तुझं भलं होईल.

आता बघा, तेहतीस वर्षांचा माणूस. समोर कंपनी सरकार, हातात चांगली संधी. लवजींना कळत होतं की गेलो तर नशीब उघडेल. पण त्यांनी नकार दिला. मालकाने ज्या जहाजाचा करार केलाय ते पाण्यात उतरेपर्यंत मी हलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कितीही आश्वासनं दिली तरी ते बधले नाहीत. जहाज पुरं झालं, पाण्यात उतरलं. मग त्यांनी धनजीभाईंची रीतसर परवानगी घेतली आणि १७३६ मध्ये थोडे सुतार बरोबर घेऊन मुंबई गाठली. आमच्या सुताराच्या तोंडून त्या सकाळी मी जे ऐकलं, ते हेच नव्हतं का?

तेव्हाची मुंबई काही आजची नव्हे. पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांच्या राजाला मिळालेली, आणि १६६८ मध्ये राजाने कंपनीला दिलेली. मधूनमधून खाडी आणि दलदल असलेली बेटं. किल्ल्याच्या भिंतीलगत थोडी वस्ती. समोर समुद्रावर आंग्र्यांचा दरारा, आणि पलीकडे वसईला पोर्तुगीज, जे पुढे तीनच वर्षांत, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी हलवले. अशा जागी जहाजांची गोदी उभी करायची होती. जागा निवडण्यापासून लवजी कामाला लागले. ती गोदी म्हणजेच आज आपल्या नौदलाची मुंबईतली गोदी, फोर्ट भागात, लायन गेटच्या आत.

पण लाकडाशिवाय गोदी काय कामाची? मुंबईत लाकूड मिळेना. म्हणून पुढच्या वर्षी कंपनीने लवजींनाच उत्तरेकडे पाठवलं. जंगलात राहणाऱ्या लोकांशी बोलून, व्यवहार ठरवून त्यांनी सागवानाची सोय लावली. आणि त्या फेरीहून परतताना बायकामुलांना सुरतेहून बरोबर घेऊन आले.

ही एक ओळ मी पुस्तकात दोनदा वाचली. आधी घरचा कर्ता पुरुष एकटा पुढे गेला. काम आहे, लाकूड आहे, पोट भरेल, याची खात्री झाल्यावर मगच घर हललं. आमच्याकडे वेगळं काय होतं? दिवाळी झाली की उसतोडीला टोळ्या निघतात. पुण्या-मुंबईला आधी पोरगा जातो, खोली बघतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याची बायको शेगडी, डबे, गोधड्या घेऊन गाडीत बसते. परक्या गावात चूल मांडायची म्हणजे काय, हे तिलाच माहीत. सुरतेच्या त्या घरातल्या बायकांनीही असंच सामान बांधलं असेल. मागे राहिलेल्या अंगणाकडे त्यांनीही वळून पाहिलं असेल.

लवजींनी मुंबईत पुढची जवळजवळ अडतीस वर्षं काढली. या काळातलं त्यांचं मोठं काम म्हणजे १७५० मध्ये तयार झालेली कोरडी गोदी. आशियातली ही अशी पहिली गोदी मानतात. कोरडी गोदी म्हणजे दगडी बांधणीचा मोठा हौद. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी काढून दरवाजे बंद करायचे, की जहाज कोरड्यात उभं. मग त्याच्या पोटाखाली जाऊन सुतार निवांत दुरुस्ती करू शकतो. त्याआधी जहाज चिखलात एका कुशीवर कलतं करून खालची बाजू दुरुस्त करावी लागे. पहिल्या गोदीला लागून पुढच्या पंधरा वर्षांत आणखी दोन गोद्या झाल्या. दुरुस्तीसाठी लांबलांबची जहाजं मुंबईला येऊ लागली. मुंबई मोठी झाली त्याची अनेक कारणं आहेत, त्यातलं एक या सुताराच्या हातात होतं.

आणि जहाजं कशी? सागवानी! इंग्लंडमध्ये ओक लाकडाची जहाजं बांधत. ओक भक्कम खरा, पण त्यातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. आपलं सागवान तेलकट. खिळा गंजत नाही, आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्रातल्या किड्यांनाही ते लवकर दाद देत नाही. शिवाय सुरतेच्या सुतारांची जोडणीची रीत निराळी. नुसती फळीला फळी टेकवायची नाही, तर कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवायची, मध्ये राळ लावलेला कापूस दाबायचा. सांधा असा बसे की पाण्याला वाट सापडू नये. ओकच्या जहाजांपेक्षा ही जहाजं कितीतरी जास्त वर्षं टिकत. आमच्या भागात किनवटच्या सागवानाची जुनी दारं ज्यांच्या वाड्यात आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर खोटेपणा होईल. ही जहाजं कोणासाठी होती? कंपनीसाठी. कंपनीला ती व्यापाराला हवी होती, तशी लढायलाही हवी होती. १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, ते इंग्रजांच्या आरमाराने केलेल्या हल्ल्यात, आणि तेही पेशव्यांशी संगनमत करून. कान्होजींनी उभारलेलं ते आरमार राखेत गेल्याचं वाचताना मराठी माणसाला वाईट वाटतंच. लवजींचं कौतुक करताना हा काटा टोचत राहतो. कारागिराच्या हातून वस्तू निघते, पुढे ती कोण कशाला वापरील हे त्याच्या हातात नसतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते. ती पूर्ण पटते असंही नाही.

लवजींनी घरातल्या पोरांना कसं वाढवलं ते मात्र मला मनापासून आवडलं. मुलं माणेकजी आणि बोमनजी त्यांच्याबरोबर गोदीत होतीच. नातू फ्रामजी आणि जमशेटजी मोठे झाले, तेव्हा आजोबा गोदीचे मुख्य बांधणीकार. मनात आणलं असतं तर नातवांना सरळ वरच्या जागेवर बसवता आलं असतं. पण दोन्ही नातू साध्या सुतारांच्या रांगेत, महिना बारा रुपयांवर काम करत होते. हातात वाकस, करवत घेऊन. लाकूड आधी हाताला कळलं पाहिजे आणि मग माणसांवर हुकूम चालवायचा, ही आजोबांची शिस्त.

१७७४ मध्ये लवजी गेले. एवढी वर्षं कंपनीच्या गोदीचा कारभार हातात. लाकडाच्या खरेदीत, मजुरीत, किती हात मारता आला असता! मागे राहिलं काय, तर एक घर आणि वीस हजारांच्या आतली रोकड. त्या काळाच्या मानानेही एवढ्या मोठ्या जागेवरच्या माणसाची ही शिल्लक थोडकीच. पण त्यांच्या नावाला बट्टा नव्हता, आणि घरात चार हात तयार होते. मला वाटतं, खरी इस्टेट तीच.

कारण पुढे काय झालं ते बघा. वडील आणि काका गेल्यावर बारा रुपयांवर शिकलेले तेच दोघे नातू गोदीचे मुख्य झाले. त्यातल्या जमशेटजींनी तर कमालच केली. तोवर इंग्लंडच्या शाही नौदलाची मोठी लढाऊ जहाजं त्यांच्या देशाबाहेर कधी बांधली गेली नव्हती. पुढे नेपोलियनशी लढता लढता तिकडे ओकची टंचाई झाली. १८१० मध्ये मुंबईच्या गोदीतून ७४ तोफांचं 'मिंडेन' पाण्यात उतरलं. अशा दर्जाचं ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेलं ते पहिलं जहाज. सगळं काम जमशेटजी आणि त्यांच्या हाताखालच्या सुतारांचं. त्याआधी, १८०४ मध्ये, कंपनीच्या संचालकांनी त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली होती. इंग्लंडमधल्या एका संग्रहालयात जमशेटजींचं चित्र आहे. त्यात पांढरा अंगरखा, हातात जहाजाचा आराखडा, आणि कमरेच्या शेल्यात खोचलेली तीच चांदीची पट्टी. माणूस मोठा झाला, पण चित्र काढून घेताना जवळ ठेवलं सुताराचं हत्यारच!

याच जमशेटजींची एक गोष्ट सांगतात. १८०० मध्ये त्यांनी 'कॉर्नवॉलिस' नावाचं जहाज बांधलं. साहेब लोक काम तर करून घेत, पण काळ्या माणसाची हेटाळणीही करत. जमशेटजी तोंडाने काही बोलले नाहीत. जहाजाच्या अगदी तळाशी, कण्याच्या लाकडावर, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी त्यांनी अक्षरं कोरून ठेवली. साहेबांच्या तोंडची शिवी जशीच्या तशी वापरून लिहिलं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलंय, आणि खाली साल घातलं. पुढे कित्येक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा म्हणे ते दिसलं. तोवर जहाजाने सगळे समुद्र पालथे घातले होते. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अपमान गिळून काम चोख करायचं आणि आपलं नाव कुठेतरी आतल्या बाजूला लिहून ठेवायचं. आपल्या घराघरांतल्या बायकांना हे कोणी शिकवायला नको.

१८१६ मध्ये 'ट्रिंकोमली' नावाच्या जहाजाचा कणा मुंबईत घातला गेला. त्याचे आराखडे इंग्लंडहून ज्या जहाजातून निघाले होते, ते जहाज वाटेतच अमेरिकनांनी पकडलं. मग दुसरे आराखडे मागवावे लागले. कणा घालताना पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. आपण घराचा पाया भरताना सोन्या-चांदीचा तुकडा ठेवतो, तसंच. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. आणि मैत्रिणींनो, ते अजून तरंगतंय! इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी, सगळी डागडुजी करून, लोकांना बघायला ठेवलंय. अजून पाण्यावर असलेलं ब्रिटनचं ते सर्वांत जुनं लढाऊ जहाज मानतात. दोनशे वर्षं झाली, आणि आपल्याकडचं सागवान, आपल्याकडच्या सुतारांचे सांधे परक्या पाण्यात शाबूत आहेत. 'वेलस्ली' नावाचं त्यांचं आणखी एक जहाज, १८१५ मधलं. ते बुडालं थेट १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन विमानांच्या बॉम्बने.

जमशेटजी १८२१ मध्ये गेले. त्यांच्यामागे मुलगा नवरोजी. सुमारे दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीची सूत्रं या एकाच घराण्याकडे राहिली. पण तोवर जग बदलत होतं. शिडाच्या जागी वाफ येत होती, लाकडाच्या जागी लोखंड. आमच्या सुतारावर आलेली वेळच त्यांच्यावर आली म्हणा ना! पण ती माणसं रडत बसली नाहीत. १८३८ मध्ये जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे घरातले दोन तरुण वाफेची जहाजं शिकायला इंग्लंडला गेले, आणि १८४१ मध्ये त्यांनी त्या मुक्कामावर इंग्रजीत पुस्तकही छापलं. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ मध्ये मुंबईत आपल्या घरी गॅसचे दिवे लावून दाखवले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झालेले ते पहिले भारतीय. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, मुंबईत शिलाई मशीन प्रथम आणण्याचं श्रेयही त्यांनाच देतात. आमच्या गटातल्या किती घरांची चूल आज मशीनवर पेटते! ते मशीन या देशात आणण्यातही एका सुताराच्या घराण्याचा हात होता, हे वाचून मला गंमत वाटली.

पुढे याच घराण्यातल्या नवरोजी वाडियांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग सुरू केली. बायकाही मागे नव्हत्या. मोतलीबाई वाडियांना तरुणपणीच वैधव्य आलं. त्यांनी स्वतः कारभार सांभाळला आणि मुंबईत बाळंतपणाच्या इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. नवरोजींच्या पत्नी जेरबाई. गावाकडून मुंबईला आलेल्या गरीब पारशी कुटुंबांना डोक्यावर छप्पर हवं, म्हणून त्यांनी लालबागला नवरोज बाग वसवायला घेतली. एकेकाळी आपलंही घर असंच परक्या गावी आलं होतं, याची आठवण त्या घराने ठेवली असं मला वाटतं. त्यांच्याच मुलांनी १९२६ मध्ये वडिलांच्या नावाने बाळंतिणींचं आणि १९२९ मध्ये आईच्या नावाने मुलांचं इस्पितळ परळला उभं केलं. मी ज्या पाटीसमोर बसले होते, ती ही पाटी.

तर त्या सकाळी वाटेत मला हे सगळं आठवलं आणि मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. सुताराच्या ओट्यावर बसले. नवरा, बायको, मुलगा तिघंही होते. मी त्यांना लवजींची गोष्ट सांगितली, जहाज पाण्यात उतरेपर्यंत न हललेल्या मुकादमाची. बाप रंधा बाजूला ठेवून ऐकत होता. आईने मध्येच टोकलं. त्या लवजीला कंपनी सरकारने थांबून घेतलं, आमच्या पोराला ठेकेदार थांबेल का? मला उत्तर देता आलं नाही. तिचं चुकलंही नव्हतं. गोष्टी सांगणं सोपं, घर चालवणं अवघड.

शेवटी मुलगाच उठला. ठेकेदाराला फोन लावला आणि आठ दिवस मागितले. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या तोंडावरूनच कळलं. जागा गेली होती. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मुलाने काही न बोलता पटाशी उचलली आणि चौकटीच्या कामाला बसला. मला इतकं अपराधी वाटलं की त्या रात्री जेवण गेलं नाही.

सातव्या दिवशी चौकट उभी राहिली. सांधे असे की नख शिरू नये. विधवा बाईने चौकटीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पोराच्या हातावर पेढा ठेवला. आणखी चार दिवसांनी तो पुण्याला गेलाच, दुसऱ्या एका कारखान्यात, पहिल्यापेक्षा कमी रोजावर. अजून तिथेच आहे. मोठ्या यंत्रांवर काम शिकतो, आणि दर महिन्याला आईला पैसे पाठवतो. फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. त्याची आई अजूनही मला म्हणते की पहिली नोकरी चांगली होती. मी मान खाली घालून ऐकून घेते.

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. इकडे हिंगोली जिल्हा, तिकडे वाशिम. एकेकाळी इकडे निजामाचं राज्य, तिकडे वऱ्हाड. माणसं इथून कायम येत-जात राहिली, आणि पुढेही जातील. पोरांना अडवून कोणाचं भलं झालंय? पण जाताना पिशवीत कपडे, भाकरी आणि लोणच्याची बाटली घालतो, तसं आणखी एक काहीतरी घालायला हवं, असं मला आता वाटतं. सिगनपूरच्या त्या मुकादमाने मुंबईला येताना ते आणलं होतं.

आमच्या सुताराच्या पोराकडे ते आहे. त्या चौकटीच्या आतल्या बाजूला, वर, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे त्याने बारीक अक्षरांत काहीतरी कोरलंय. मी स्टुलावर चढून पाहिलं. त्याचं स्वतःचं नाव नव्हतं. बापाचं होतं.